नळीतला पीळ

पॅरिसच्या ऑलिंपिक स्पर्धांत १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि ज्या घरांत बंदूक कधी चित्राबाहेर पाहिलेली नव्हती, त्या घरांतही नेमबाजीच्या गप्पा सुरू झाल्या. गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून अशा तीन तऱ्हांनी नेम धरायचा. पन्नास मीटरवरच्या लक्ष्याचे दहा गुणांचे मधले वर्तुळ केवढे, तर १०.४ मिलिमीटर व्यासाचे. आपल्या शर्टाच्या बटणाएवढे म्हणा ना!

या खेळात श्वास, नजर आणि मनाची स्थिरता यांना तोड नाही, हे सगळेच सांगतात. पण नेमबाजांच्या वर्तुळात आणखी एका गोष्टीची चर्चा फार बारकाईने चालते, आणि ती म्हणजे रायफलीची नळी. नळी हे काही जन्माचे लेणे नव्हे. हजारो गोळ्या जाऊन ती आतून झिजते, मग नवी बसवावी लागते, आणि ती निवडणे म्हणजे एखाद्या गवयाने तंबोरा निवडण्यासारखे असते. रायफल लोखंडी शिकंज्यात आवळून टाकतात, म्हणजे माणसाच्या हाताचा दोष मध्ये येत नाही. मग त्याच त्या ठिकाणी दहा-दहा गोळ्या झाडून त्यांचा विखार किती पडतो, ते मोजतात. नळीचे भोक किती रुंद असावे, आतला आकार कसा असावा आणि आतला पीळ किती जलद असावा, हे तीन प्रश्न. आजच्या स्पर्धेतल्या बावीस नंबरी रायफलीच्या नळीत साधारणपणे सोळा इंचांत एक पूर्ण फेरा इतका पीळ असतो.

हा पीळ कशासाठी, हे ज्याने लहानपणी भोवरा फिरवला आहे त्याला वेगळे सांगायला नको. फिरता भोवरा आरीवर उभा राहतो, न फिरणारा आडवा पडतो. नळीच्या आत वळणदार खाचा पाडल्या, तर त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती गरगर फिरू लागते आणि तोंड पुढे ठेवून सरळ जाते. हे युरोपातल्या कारागिरांना कित्येक पिढ्या ठाऊक होते. पण किती पीळ द्यायचा, असे कोणी विचारले तर उत्तर एकच असे : आमच्या वडिलांनी दिला तितका. या उत्तरावर समाधान न मानता, घरामागे पाचशे यार्डांची इमारत उभारून, नळ्यांमागून नळ्या बनवून, प्रत्येक गोळीचे भोक मोजत बसलेला एक इंग्रज गृहस्थ एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव सर जोसेफ व्हिटवर्थ.

नाव अगदीच अनोळखी नाही. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या वर्कशॉपमध्ये जा, एखादा पिकल्या केसांचा टर्नर ‘विटवर्थ आटे’ म्हणताना हमखास भेटेल. बँकेत असताना कर्ज दिलेल्या लहान कारखान्यांची पाहणी करायला मला औद्योगिक वसाहतींत हिंडावे लागे. तिथे एका मिस्त्रींनी पान्ह्यांच्या दोन पेट्या दाखवल्या होत्या. एक मिलिमीटरची आणि दुसरी विटवर्थची. विटवर्थ हा कुठल्या तरी कंपनीचा छाप असावा, अशी त्यांची समजूत होती. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा असावा आणि कुठल्या जाडीच्या बोल्टला इंचात किती आटे असावेत, हे १८४१ साली ठरवून देणाऱ्या माणसाचे नाव असे छापाच्या रूपात हजारो मैलांवर पोचले होते.

जोसेफचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टला झाला. वडील शाळामास्तर. आई लवकर वारली, आणि वडिलांनी धर्मोपदेशक होण्याचे मनावर घेतले. मुलांची पांगापांग झाली. चौदाव्या वर्षी जोसेफला डर्बीशायरमधल्या मामा-काकांपैकी एका नातेवाइकाच्या सूतगिरणीत उमेदवारीला लावण्यात आले. मुलाने धंदा शिकावा आणि पुढे भागीदार व्हावे, असा साधा हिशेब होता. मुलाला मात्र सुतात रस नव्हता; रस होता सूत काढणाऱ्या यंत्रात. ती यंत्रे किती ओबडधोबड चालतात, हे त्याच्या डोळ्यांना सारखे टोचत राही. चारेक वर्षे काढून एके दिवशी तो कोणाला न सांगता मँचेस्टरला निघून गेला आणि मजुरीवर मेकॅनिक झाला. भागीदारी सोडून मजुरी पत्करणाऱ्या मुलाबद्दल घरात काय बोलले गेले असेल, ते आपल्यापैकी कुठल्याही घराला कळेल!

१८२५ मध्ये त्याने फ्रान्सिस अँकर्स या मुलीशी लग्न केले आणि लंडन गाठले. हेन्री मॉडस्ली हा त्या काळातला यंत्रकारांचा यंत्रकार. त्याच्या कारखान्यात काम मिळणे म्हणजे गाण्यातल्या माणसाला घराण्याचा गंडा मिळणे. पुढे होल्ट्झाफेल आणि जोसेफ क्लेमंट यांच्याकडेही तो राहिला. क्लेमंटच्या कारखान्यात चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्राचे भाग बनत होते. या लंडनच्या दिवसांत, दिवसाची नोकरी संपल्यावर, व्हिटवर्थने एक प्रश्न सोडवला. तो वाचायला क्षुल्लक वाटेल : लोखंडाचा पत्रा अगदी सपाट कसा करायचा?

दोन पत्रे एकमेकांवर घासून सपाट करावेत, असे कोणालाही वाटेल. पण त्यात एक मेख आहे. एक पत्रा किंचित फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट झाला, तरी ते एकमेकांवर चपखल बसतात आणि दोन्ही सपाट असल्याचा भास होतो. व्हिटवर्थने तीन पत्रे घेतले. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पुन्हा पहिल्यावर. तेलात कालवलेला गेरू लावायचा, जिथे तो उमटेल तो उंचवटा हत्याराने हलकेच खरवडायचा. तिन्ही एकमेकांशी जुळले, तरच ते खरे सपाट. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर दोन कारकुनांची वह्या जुळवणी झाली म्हणजे हिशेब बरोबर असे होत नाही. दोघांनी मिळून एकच चूक केलेली असू शकते. तिसरा माणूस लागतो. ऑडिटर या प्राण्याची उपयुक्तता मला इतकी नेमकी दुसऱ्या कोणी पटवून दिलेली नाही.

१८३३ मध्ये तो मँचेस्टरला परतला आणि लंडनहून आलेला हत्यारे बनवणारा, अशी पाटी लावून त्याने धंदा थाटला. त्याची लेथ आणि रंधा मारण्याची यंत्रे वाखाणली जाऊ लागली. आट्यांचे ते प्रसिद्ध प्रमाणही याच काळातले. ते त्याने ठरवले कसे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याने देशभरच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले आणि सगळ्यांचा मध्य काढला. कोणालाच फार बदलावे लागू नये, असा तो मध्य होता. म्हणून तो चालला. व्हिटवर्थ स्वभावाने तडजोड करणारा मुळीच नव्हता. पण आयुष्यातली सर्वांत मोठी तडजोड त्याने केली आणि तिनेच त्याला अमर केले.

१८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याने इंचाचा दशलक्षांश भाग दाखवणारे यंत्र मांडले. दोन सपाट पृष्ठभागांमध्ये एक छोटी पट्टी अडकते की घसरते, एवढ्यावर ते मोजमाप चाले. मधल्या पोलादी कांबीला नुसते बोट लावले, तर त्या उबेने कांब वाढलेली या यंत्राला कळे. ज्या काळात चांगला कारागीर सूत-दोन सुतांच्या हिशेबात बोले, त्या काळातली ही गोष्ट आहे.

दोन वर्षांनी सरकारने त्याला न्यू यॉर्कच्या प्रदर्शनासाठी अमेरिकेला धाडले. तिथल्या सरकारी शस्त्रकारखान्यात त्याने बंदुकीचा लाकडी दस्ता यंत्रांवर बावीस-एक मिनिटांत तयार होताना पाहिला. इंग्लंडमध्ये हेच काम हाताने, रमतगमत चाले. परत आल्यावर त्याने अहवाल दिला. त्याच सुमारास क्रिमियाचे युद्ध पेटले, आणि लष्कराला एन्फिल्ड रायफली हजारोंनी हव्या झाल्या. सरसेनापती होते लॉर्ड हार्डिंज. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातले पहिल्या शीख युद्धाच्या वेळचे गव्हर्नर जनरल, तेच हे. त्यांच्या काळात, १८५४ मध्ये, सरकारने व्हिटवर्थला सांगितले की, या रायफलीच्या नळ्या बनवणारी यंत्रे आम्हांला करून द्या.

दुसरा कोणी असता तर ऑर्डर घेऊन घरी गेला असता. व्हिटवर्थने आधी बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांचे कारखाने पालथे घातले. तिथे नळी सरळ करणारा कारागीर ती डोळ्याला लावून उजेडाकडे धरी आणि आत पडलेल्या सावलीची रेघ पाहून हातोडीचा ठोका देई. नजर विलक्षण असे, पण शेवटी नजरच! हीच रुंदी का, एवढाच पीळ का, हे कोणालाच सांगता येईना. तेव्हा व्हिटवर्थने सरकारला कळवले की, कुठली नळी योग्य हेच ठाऊक नसताना ती बनवण्याची यंत्रे मी करणार नाही. आधी प्रयोग करू द्या. खर्च तुमचा, माझ्या वेळाचे पैसे नकोत.

मला या माणसाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला, तो इथे. अमुक वस्तूसाठी निविदा मागवा म्हटल्यावर ती वस्तू मुळात हवी तीच आहे का, हे विचारणारा माणूस कचेरीत फारसा लोकप्रिय नसतो. व्हिटवर्थही नव्हता.

मँचेस्टरमध्ये त्याच्या ‘द फर्स’ या घराच्या आवारात पाचशे यार्ड लांबीचा, छप्पर घातलेला बोगदा उभा राहिला. वाऱ्याचा उपद्रव नको म्हणून हा खटाटोप. आणि गंमत अशी की बोगदा नवा असतानाच वादळी वाऱ्याने तो पाडला. तो पुन्हा बांधावा लागला आणि १८५५ च्या मार्चमध्ये खरे काम सुरू झाले. रायफल शिकंज्यात आवळलेली. वाटेत ठिकठिकाणी पातळ कागदाचे पडदे टांगलेले. गोळी प्रत्येक कागदाला भोक पाडत जाई, आणि ती भोके जोडली की गोळीचा सगळा प्रवास दिसे. तिरपी झाली का, कोलांटी खाल्ली का, कुठे खाली आली, सगळे.

एन्फिल्डच्या नळीचे भोक ०.५७७ इंचांचे होते आणि तिचा पीळ ७८ इंचांत एक फेरा इतका सावकाश होता. नळी स्वतः ३९ इंचांची, म्हणजे बाहेर पडेपर्यंत गोळीची जेमतेम अर्धी गिरकी होई. व्हिटवर्थने साठ इंचांत एक फेऱ्यापासून सुरुवात करून तीस, वीस, दहा, पाच असे पीळ घट्ट करत नेले. शेवटी तर त्याने एका इंचात एक फेरा असलेली नळी करून पाहिली. मळसूत्रच ते! गोळी अडकून नळी फुटेल, असा सगळ्यांचा होरा होता. कथील मिसळलेल्या शिशाची गोळी त्या नळीतून सुटली आणि सात इंच जाडीच्या एल्मच्या फळ्यांतून आरपार गेली. उपयोगाची नळी नव्हे ती. पण पीळ जास्त झाला की नळी फुटते ही भीती त्या दिवशी संपली.

मग त्याने रुंदी आणि पीळ यांचा मेळ घातला. गोळीचे वजन लष्कराने ठरवलेले, ५३० ग्रेन. म्हणजे तीन तोळ्यांच्या आसपास. ते बदलायचे नाही. पण तेवढेच शिसे अरुंद नळीत बसवले, तर गोळी लांबट होते. लांबट गोळी हवा सहज कापते आणि दूर जाते. पण तिला सरळ ठेवायला जास्त गिरक्या लागतात, नाही तर ती हवेत लोळण घेते. अरुंद भोक, लांब गोळी, जलद पीळ ही तिघांची जोडी आहे, त्यातले एकटे कोणी कामाचे नाही. व्हिटवर्थचे उत्तर ठरले : भोक ०.४५१ इंच आणि वीस इंचांत एक फेरा. एन्फिल्डच्या आणि याच्या रुंदीतला फरक मोजून पाहा. अवघा एक सूत!

तिसरी गोष्ट आतल्या आकाराची. नेहमीच्या नळीत गोल भोकाला खाचा असत. व्हिटवर्थने भोकच षट्कोनी केले, पीळ दिलेले षट्कोनी भोक, आणि त्यात नेमकी बसणारी षट्कोनी गोळी. बहुकोनी नळीची कल्पना इझंबार्ड ब्रुनेल या थोर इंजिनिअरनेही बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सकडून अजमावून पाहिली होती. ब्रुनेल पेटंट या प्रकाराच्याच विरुद्ध असल्याने त्याने तिच्यावर हक्क सांगितला नाही. व्हिटवर्थने सांगितला, आणि तो षट्कोन त्याला पोटच्या पोराहून प्रिय झाला.

१८५७ च्या एप्रिलमध्ये हाइदच्या लष्करी नेमबाजी शाळेत दोन्ही रायफली समोरासमोर आल्या. पाचशे यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी सव्वादोन फूट भरकटल्या. व्हिटवर्थच्या साडेचार इंच. चौदाशे यार्डांवर एन्फिल्डची नोंदच करता येईना आणि व्हिटवर्थची सरासरी चूक साडेचार फुटांच्या आसपास राहिली. अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या एल्मच्या फळ्या एकामागे एक लावल्या, तेव्हा एन्फिल्डची गोळी बारा-तेरा फळ्यांत थांबली. व्हिटवर्थची तेहेतीस फळ्या फोडून गेली. युद्धमंत्री लॉर्ड पॅनम्यूर स्वतः हजर होते.

१८५७ चा एप्रिल म्हटल्यावर आपले मन हाइदला थांबत नाही. त्याच महिन्याच्या ८ तारखेला बराकपूरला मंगल पांडे फासावर गेला. २४ तारखेला मेरठच्या तिसऱ्या घोडदळातल्या ८५ स्वारांनी काडतुसे घ्यायला नकार दिला. १० मे रोजी मेरठ पेटले. ज्या एन्फिल्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांनी हिंदुस्थानात वणवा लावला, तिचीच नळी बदलावी की नाही, याचा निवाडा त्याच दिवसांत इंग्लंडच्या समुद्रकाठी चालला होता. चरबीचे कारणही नळीतच होते. पीळ असलेल्या नळीत गोळी तोंडाकडून ठासायची, तर ती घट्ट बसते. ती सुलभपणे खाली सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण. शिपायाने ते दातांनी तोडायचे. ते वंगण कशाचे आहे, हे ठरवणाऱ्या साहेबांनी शिपायाला विचारले नव्हते.

आणि बंडानंतर काय झाले, ते आमच्या शाळेतल्या पुस्तकात नव्हते. बंड मोडल्यावर देशी पलटणींसाठी १८५८ आणि १८५९ च्या नमुन्याच्या ज्या बंदुका काढल्या, त्या बाहेरून थेट एन्फिल्डसारख्या होत्या. फक्त नळी ०.६५६ इंचांची आणि आतून गुळगुळीत होती. खाचा नाहीत, पीळ नाही. गोऱ्या शिपायाच्या नळीत पीळ आणि काळ्या शिपायाच्या नळीतून पीळ काढून टाकलेला. दोघे शेजारी उभे राहिले तर बंदुका सारख्याच दिसत; शंभर-दीडशे यार्डांपलीकडे मात्र एकाची गोळी लागे आणि दुसऱ्याची कुठे जाई, ते देव जाणे. मँचेस्टरच्या बोगद्यात एक माणूस अचूकपणाच्या मागे लागून कागद मोजत बसलेला असताना, त्याच्याच सरकारने दुसरीकडे मोजूनमापून अचूकपणा काढून घेतला. दोन्ही गोष्टींना उत्तम कारागिरीच लागली. पुढेही गोऱ्या फौजेच्या हातात जे हत्यार असे, त्याच्या एक पायरी मागचे देशी फौजेला द्यायचे, हा पायंडा पुष्कळ वर्षे चालला.

व्हिटवर्थच्या नळीचे काय झाले? लष्कराने ती नाकारली. लढाईच्या हत्याराला हे भोक फार अरुंद आहे, असा शेरा पडला. किंमत एन्फिल्डच्या कितीतरी पट, चौपटीच्या घरात. शिवाय काळ्या दारूची काजळी अरुंद नळीत लवकर साचे आणि वीस-पंचवीस गोळ्यांनंतर ठासणे जिकिरीचे होई. व्हिटवर्थचे चरित्रकार या समितीवर फार चिडतात. मी आयुष्यभर समित्यांच्या टेबलाच्या त्या बाजूला बसलेला माणूस आहे, त्यामुळे मला थोडे निराळे वाटते. चिखलात, पावसात, हात थरथरत असताना शिपायाला पुन्हा पुन्हा ठासता आली पाहिजे, ही शंका मूर्खपणाची नव्हती. पैसे हाही प्रश्नच होता. पण भोक अरुंद आहे हे कारण मात्र निखालस चुकीचे होते, आणि तेच पहिले लिहिले गेले. खरी अडचण आणि लिहिलेली अडचण यांत हे अंतर कसे पडते, ते सरकारी फायली वाचणाऱ्याला समजावून सांगायला नको.

लष्कराने नाकारलेली नळी नेमबाजांनी मात्र डोक्यावर घेतली. २ जुलै १८६० रोजी विंबल्डनच्या माळावर राष्ट्रीय रायफल संघटनेची पहिली स्पर्धा भरली. तिचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने व्हिटवर्थ रायफल झाडून केले. रायफल लोखंडी आधारावर नेमून ठेवलेली होती, चापाला रेशमी दोरी बांधली होती. राणीने ती ओढली. चारशे यार्डांवर गोळी मध्यबिंदूपासून दीड इंचाच्या आत लागली. नेम अर्थात व्हिटवर्थने धरून ठेवला होता. पण उद्घाटनाच्या फिती कापणाऱ्या कुठल्याही पाहुण्याला इतके यश आलेले मी तरी ऐकलेले नाही.

दुसरीकडे अटलांटिकपार यादवी युद्ध सुरू झाले होते. दक्षिणेकडच्या राज्यांनी नाकेबंदी चुकवून थोड्याशा व्हिटवर्थ रायफली मिळवल्या आणि निवडक नेमबाजांच्या हाती दिल्या. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनियाला उत्तरेचा जनरल जॉन सेजविक आपल्या सैनिकांना, इतक्या लांबून कोणाची गोळी लागणार आहे, अशा अर्थाचे सांगून धीर देत होता. काही क्षणांत डोळ्याखाली गोळी लागून तो गतप्राण झाला. ती गोळी व्हिटवर्थच्या रायफलीतली होती, असे सांगितले जाते. बोगद्यातल्या पातळ कागदांवरून सुरू झालेला हिशेब इथपर्यंत येतो. व्हिटवर्थला याविषयी काय वाटले असेल, याचा मी कादंबरीकार म्हणून पुष्कळ विचार केला. पण तो तोफाही बनवत होता, पोलाद दाबून घट्ट करण्याची नवी रीत शोधत होता. मला वाटते, त्याच्या मनात नळी होती. नळीच्या दुसऱ्या टोकाला काय असते, हा त्याचा विषयच नव्हता. मोठ्या कारागिरांत हा आंधळेपणा पुष्कळदा आढळतो आणि तो क्षम्य आहे की नाही, हे मला ठरवता आलेले नाही.

पुढे ब्रीच उघडून मागून गोळी भरण्याची सोय आली आणि काजळीची अडचण बरीचशी सुटली. लष्कराने पुन्हा नळ्यांची परीक्षा घेतली. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारण्यात आली. तिची नळी एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीची होती : भोक ०.४५ इंच, पीळ बावीस इंचांत एक फेरा, आत सात बाजूंची, खाचा आणि कंगोरे मिसळलेली रचना. रुंदी आणि पीळ पाहा. व्हिटवर्थने चौदा-पंधरा वर्षांपूर्वी मांडलेलेच आकडे जवळपास तसेच. नव्हता तो फक्त षट्कोन. आणि नाव हेन्रीचे लागले.

दोष द्यायचाच तर थोडा व्हिटवर्थलाही द्यावा लागेल. त्याच्या स्वतःच्याच प्रयोगांनी दाखवले होते की, अचूकपणा मुख्यतः आला तो रुंदी आणि पीळ यांच्या मेळातून. षट्कोन नसता तरी तो आला असता. पण षट्कोनावर त्याचे पेटंट होते, नाव होते, जीव होता. गोळीही षट्कोनीच हवी, कारागिरीही त्याच दर्जाची हवी; यात बदल सुचवणाऱ्याला तो अडाणी समजे. अधिकाऱ्यांशी बोलताना तो फटकळ असे. देशभरातल्या बोल्टांचा मध्य काढणारा तो समंजस माणूस नळीपाशी आला की दिसेनासा होई. तोफांच्या बाबतीतही त्याचा प्रतिस्पर्धी विल्यम आर्मस्ट्राँग सरकारच्या गळी उतरला, कारण आर्मस्ट्राँगला माणसे सांभाळता येत. १८६३ पासून दोन वर्षे दोघांच्या तोफांची तुलना करणारी समिती बसली होती. खर्च प्रचंड झाला, निकाल मात्र कोणाचेच समाधान करणारा लागला नाही.

षट्कोन अगदीच मेला, असेही नाही. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक पिस्तूल घेतले, त्याच्या नळीत खाचांऐवजी बहुकोनी पीळ आहे. पोलादी दांडीवर नळी ठोकून घडवण्याची यंत्रे आल्यावर हा आकार करणे सोपे आणि स्वस्त झाले. व्हिटवर्थच्या काळी तेच महाग पडले होते.

घरसंसाराबाबत त्याची कहाणी फारशी सुखाची नाही. ज्या फ्रान्सिसने लंडनच्या भाड्याच्या खोल्यांत त्याच्याबरोबर दिवस काढले, ती उत्तरायुष्यात त्याच्यापासून वेगळी राहत होती. ऑक्टोबर १८७० मध्ये ती वारली. पुढच्या एप्रिलमध्ये व्हिटवर्थने मेरी लुइसा ऑरेल या विधवा बाईशी लग्न केले. मूलबाळ नव्हते. १८६९ मध्ये तो बॅरोनेट झाला होता, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा किताब; पण वंशच नसल्याने तो त्याच्याबरोबरच संपला. त्याआधीच्या वर्षी त्याने आपल्या परीने एक वंश सुरू करून ठेवला होता. एक लाख पौंडांची देणगी देऊन त्याने हाताने काम करणाऱ्या आणि पुस्तकही वाचणाऱ्या तरुणांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या. वर्षाला शंभर पौंडांच्या तीस. स्वतःला न मिळालेले शिक्षण दुसऱ्यांना मिळावे, अशी ती योजना होती, आणि व्हिटवर्थ शिष्यवृत्ती पुढल्या शतकांतही चालू राहिली.

शेवटची वर्षे त्याने डर्बीशायरच्या डार्ली डेलमध्ये, स्टँक्लिफ हॉल या मोठ्या घरात काढली. ज्या जिल्ह्यातल्या गिरणीतून तो पळून गेला होता, त्याच जिल्ह्यात. तिथे त्याने दगडाच्या खाणीत बाग फुलवली, घोडे पाळले, आणि खेळण्यासाठी लोखंडी बिलियर्ड टेबल ठेवले. त्या टेबलाच्या पृष्ठभागाच्या सपाटपणाची पाहुण्यांत ख्याती होती. थंडी सोसेना, म्हणून हिवाळ्यात तो दक्षिण फ्रान्सच्या बाजूला जाई. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो इथे तो वारला आणि त्याला डार्ली डेलला आणून पुरण्यात आले. त्याच्या संपत्तीतून मँचेस्टरला कलादालन उभे राहिले, रुग्णालयाला पैसा मिळाला. कारखाना आणखी दहा वर्षे त्याच्या एकट्याच्या नावाने चालला. १८९७ मध्ये तो जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या कंपनीत विलीन झाला, आणि नव्या पाटीवर आर्मस्ट्राँगचे नाव आधी आले, व्हिटवर्थचे नंतर.